स्क्रू फिरवण्याआधी बोल्ट बघा

गंगापुरात कार्बोरेटरवर चालणाऱ्या जुन्या गाडीचा निकाल आता बॉनेट न उघडताच लागतो. गाडी उभ्या जागी थरथरते, चौकात बंद पडते, पेट्रोल जास्त पिते, म्हणजे तिचं वय झालं. भंगारात द्या आणि मोकळे व्हा. हे शेजारी सांगतो, पाहुणे सांगतात, गाड्यांचा दलाल तर सांगतोच. पण आता गॅरेजमधला तरुण मिस्त्रीही तेच सांगू लागला आहे, आणि त्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. या निकालाला माझा विरोध आहे. थरथर, बंद पडणं आणि पेट्रोलचा खर्च या तिन्ही तक्रारी बहुतेक वेळा वयाच्या नसतात. दोन-तीन रबरं, चार-सहा बोल्ट आणि चुकीच्या वेळी फिरवलेला एक स्क्रू, एवढ्यातच त्यांचं मूळ सापडतं. ते न शोधता गाडी मोडीत काढणं म्हणजे ज्याला दुसरी गाडी परवडत नाही त्याच्या दारातून एक चालतं वाहन विनाकारण काढून घेणं.

मी कोणत्या गाड्यांबद्दल बोलतोय ते सांगतो. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती गेली. २००० साली उत्सर्जनाचे नवे नियम येईपर्यंत ती कार्बोरेटरवरच विकली गेली. तिच्या आधीची प्रीमियर पद्मिनी. कागदावर नाव काहीही असो, आपल्या लोकांनी तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. शेंदूरवादा, भेंडाळा, जामगाव, नेवरगाव, कुठंही जा, गोठ्याशेजारी किंवा लिंबाखाली यातली एखादी उभी दिसते. रात्री-अपरात्री दवाखाना, पेरणीच्या दिवसांत बियाणं, लग्नसराईत पाहुण्यांची ने-आण, एवढंच तिचं काम. वर्षभरात ती फार धावत नाही. पण लागते तेव्हा दुसरं काही हाताशी नसतं.

पहिला आरोप थरथरीचा. मारुती ८०० चं इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं. तीन पिस्टन एका ओळीत वर-खाली होतात तेव्हा इंजिनाचं एक टोक वर उचलायला आणि दुसरं खाली दबायला बघतं. चार सिलिंडरच्या इंजिनात हा डोल आपसातच मारला जातो, तीनमध्ये तो उरतो. म्हणजे ही थरथर गाडी म्हातारी झाल्यावर आलेली नाही, ती नव्या गाडीतही होतीच. ती सीटपर्यंत पोचू न देण्याचं काम माउंटिंगकडे होतं. जुने मिस्त्री ज्याला फाउंडेशन म्हणतात, ते हेच. लोखंडाच्या दोन पट्ट्या आणि मधे चिकटवलेलं रबर. गाडीचा पत्रा, इंजिनाचं ब्लॉक, गिअरबॉक्स यांचं आयुष्य वेगळं आणि रबराचं वेगळं. रबर दर काही वर्षांनी बदलायचंच असतं. पण इंजिन एकदा बसलं की खालच्या रबराकडे वीस-पंचवीस वर्षं कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि मग गाडीला म्हातारी म्हणतात.

माउंटिंगला किरकोळ भाग समजणाऱ्यांनी मोटारींचा इतिहास थोडा बघावा. १९३१ साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ नावाची योजना आणली. इंजिन साधं चार सिलिंडरचंच ठेवलं, फक्त ते रबरावर अशा जागी टांगलं की त्याचा डोल गाडीच्या सांगाड्यात उतरू नये. तेवढ्या बळावर कंपनीने चार सिलिंडरच्या खर्चात आठ सिलिंडरचा मऊपणा अशी जाहिरात केली, आणि फ्रान्सच्या सित्रोएनने त्या युक्तीचा परवाना विकत घेतला. हीच क्रायस्लर पुढे आपल्याकडे आली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, तेव्हा कुर्ल्याच्या कारखान्याने सुरुवात केली ती क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडण्यापासून, फियाट त्यानंतरची. महाराष्ट्रातल्या मोटार कारखानदारीच्या मुळाशी ज्या गाड्या आहेत, त्यांची ख्याती रबराच्या माउंटिंगवर उभी होती. आणि त्याच महाराष्ट्रात आज सायकलच्या ट्यूबचे तुकडे माउंटिंगखाली घातले जातात.

माउंटिंग कसं मरतं तेही बघा. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून तेल झिरपतं आणि खालच्या रबरावर ठिबकतं. तेल पिऊन रबर फुगतं, मऊ होतं आणि लोखंडी पट्टीपासून सुटतं. एक्झॉस्टच्या बाजूचं रबर उलट वाळून कडक होतं, त्याला चिरा जातात. बाहेरून दोन्ही जागेवर बसलेली दिसतात, कारण इंजिनाचं वजन त्यांना दाबून धरतं. म्हणून नुसतं टॉर्च मारून ‘माउंटिंग ठीक आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. जॅकवर जाड फळी ठेवून ऑइल चेंबरखालून इंजिन बोटभर उचलायचं. रबर सुटलेलं असेल तर पट्टी आणि रबर यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसतो. दुसरी परीक्षा चालत्या इंजिनाची: एकाने ब्रेक आणि हँडब्रेक धरून पहिल्या गिअरमध्ये क्लच जेमतेम सोडायचा, दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन बघायचं. समोर उभं राहायचं नाही. इंजिन थोडं कलणार, ते चालतं. धाडकन उचलून आदळत असेल तर निदान झालं.

यावर आपल्याकडे दोन उपाय चालतात आणि दोन्हीला माझा ठाम विरोध आहे. एक, टायरचा तुकडा कापून घालणं. टायरच्या रबरात दोऱ्यांचे थर असतात. ते ताणायला आणि दाबायला कठीण. इंजिनाचा हादरा गिळायच्या ऐवजी ते तो पुढे ढकलतं, आणि लोखंडाला चिकटलेलं नसल्यामुळे हळूहळू सरकून बाहेर येतं. दोन, सुटलेलं माउंटिंग वेल्डिंग मारून पक्कं करणं. मग इंजिन थेट पत्र्याला जोडलं जातं, आणि पुढे सहा महिन्यांत सायलेन्सरचा फ्लँज फुटतो, रेडिएटरचे टाके सुटतात, डॅशबोर्ड खडखडायला लागतो. मग लोक म्हणतात, बघा, गाडीचं काही खरं नाही. पैशाची ओढाताण मला समजते, युक्ती गरजेतून येते हेही कळतं. पण मारुतीच्या माउंटिंगचा संच काही दुर्मीळ नाही. आणि त्याच्या किमतीपेक्षा मागून येणारी दुरुस्ती कितीतरी महाग पडते.

आता बोल्ट. सगळ्यात जास्त हयगय इथंच होते, म्हणून इथं थोडा थांबतो. गंजलेला बोल्ट खोलताना तुटतो. पोराला हार्डवेअरच्या दुकानात पिटाळलं जातं आणि तो दहा एमएमचा बोल्ट घेऊन येतो. लांबी तीच, जाडी तीच. फक्त मूळ बोल्टाला चौदाचा पाना लागत होता आणि याला सतराचा लागतो. तिथंच शंका यायला हवी. जपानी बांधणीच्या गाड्यांत दहा एमएमच्या बोल्टाला बारीक आटे असतात. दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर. दुकानात सहज मिळतो तो १.५ चा. हाताने दीड-दोन फेरे तो जातो, मग अडतो. ‘गंज असेल’ म्हणत पान्याला पाइप घालून रेटा दिला जातो, आणि ब्रॅकेटच्या आतले मूळ आटे कापले जातात. त्या क्षणी बोल्ट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण आत त्याला धरायला काही उरलेलं नसतं. गाडी कायगावच्या पुलापर्यंत गेली तरी तो सैल पडायला लागतो.

ताकदीचंही तसंच. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं, तो आकडा वाचायला शिकलं पाहिजे. पहिला आठ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत ताण सोसून मग तुटणार. दुसरा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० न्यूटनवर, तो कायमचा लांबायला लागणार. गेट आणि पत्र्याच्या शेडसाठी मिळणारा साधा बोल्ट बहुधा ४.६ चा असतो: ४०० ला तुटणार, २४० लाच लांबणार. दिसायला दोन्ही सारखे. इंजिनाखाली साधा बोल्ट घालून तो पुरेसा आवळायला गेलं तर तो आवळतानाच लांबतो. न आवळावा तर सांधा हलतो, आणि हलणाऱ्या सांध्यातला बोल्ट लवकर तुटतो. ८.८ च्या दहा एमएम बोल्टाला साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर आवळ पुरतो. टॉर्क पाना नसेल तर फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला सोळा किलोच्या आसपास जोर, एवढा अंदाज धरावा. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा. नायलॉनचं कडं असलेलं नट एक्झॉस्टजवळ लावू नये, उष्णतेने ते कडं निकामी होतं. एकदा खोललेलं तसलं नट पुन्हा वापरू नये. आणि बोल्ट एकेक करून पूर्ण आवळत जाऊ नये: सगळे हाताने लावायचे, जॅक काढून इंजिनाला आपल्या वजनावर बसू द्यायचं, थोडं हलवायचं, मग शेवटचा आवळ द्यायचा. नाहीतर नवं रबर पहिल्या दिवसापासूनच पिळलेलं राहतं.

कुणी विचारेल, कार्बोरेटरच्या तक्रारीत हे बोल्टपुराण कशाला? माझ्या म्हणण्याचा कणाच तो आहे. ॲक्सिलरेटरच्या केबलचं एक टोक पेडलला असतं आणि पेडल गाडीच्या पत्र्याला. दुसरं टोक कार्बोरेटरला, आणि कार्बोरेटर इंजिनावर. माउंटिंग गेलं की इंजिन पत्र्यापासून मागे-पुढे होतं, केबल आपोआप ओढली जाते किंवा सैल पडते, आणि पाय जागेवर असताना रेस कमी-जास्त होते. गाडी धक्के देते. मालक सांगतो, कार्बोरेटर बिघडला. शिवाय सततच्या हादऱ्याने कार्बोरेटरच्या बुडाचे नट सैल होतात, पॅकिंगमधून फालतू हवा आत शिरते, व्हॅक्यूमच्या नळ्यांना भेगा पडतात. फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल घुसळलं जातं. ही सगळी लक्षणं कार्बोरेटरच्या तोंडाशी दिसतात, आणि रोग खाली रबरात असतो. मिस्त्री मग स्लो वाढवून ठेवतो, कारण रेस वाढली की थरथर जाणवत नाही. दुखणं झाकलं जातं आणि पेट्रोल जळत राहतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, याचं इतकं चपखल उदाहरण दुसरं सापडणार नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा, आणि त्यात मी तडजोड मानत नाही. आधी तेलाची गळती, मग माउंटिंग आणि बोल्ट. त्यानंतर टॅपेट, प्लग, पॉइंटचा गॅप, टायमिंग. मग हवेची गळती: इंजिन चालू असताना कार्बोरेटरच्या बुडाशी साबणाचं थोडं पाणी सोडलं आणि रेस बदलली की समजायचं, तिथून हवा जाते आहे. मग कार्बोरेटर खोलून साफ करणं, फ्लोटची पातळी बघणं. आणि सगळ्यात शेवटी मिक्स्चरचा स्क्रू. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. गाडी गॅरेजात शिरली रे शिरली की पहिला पेचकस स्क्रूवरच पडतो.

त्या स्क्रूबद्दलही एक मोठा गैरसमज आहे. आपल्या भागातले बहुतेक मिस्त्री दुचाकीवर हात बसवून मग चारचाकीकडे आलेले. मोटारसायकलच्या पुष्कळ कार्बोरेटरांत बाजूचा स्क्रू हवेचा असतो, तो एअर फिल्टरच्या बाजूला असतो. आत फिरवला की हवा कमी, मिश्रण जाड. मोटारीच्या सोलेक्स जातीच्या कार्बोरेटरांत तो इंजिनाच्या बाजूला, बटरफ्लायच्या जवळ असतो आणि पेट्रोलमिश्रित हवाच सोडतो. आत फिरवला की मिश्रण पातळ. म्हणजे एकाच दिशेने फिरवलेल्या हाताचे दोन ठिकाणी दोन उलटे परिणाम. स्क्रू कुठल्या बाजूला आहे हे न बघता सवयीने हात चालवणाऱ्याने गाडी बिघडवली, तर तो गाडीचा दोष कसा? तसाच दुसरा घात तारेचा. जेट चोंदला म्हणून त्यात बारीक तार घालतात. जेटचं भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेलं असतं, तार पितळ खरवडते, आणि मग ती गाडी कुठल्याच सेटिंगला बसत नाही. जेट कार्बोरेटर क्लीनरने आणि हवेच्या दाबानेच साफ करावेत.

खरं सेटिंग दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, पण शांतपणे करायचं काम आहे. इंजिन पूर्ण तापलेलं हवं, चोक पूर्ण उघडा, एअर फिल्टर आपल्या जागी. पुष्कळ जण फिल्टर काढून सेटिंग करतात आणि मग फिल्टर लावतात. तेवढ्याने मिश्रण बदलतं. स्लोच्या स्क्रूने रेस पुस्तिकेतल्या आकड्यावर आणायची, मारुती ८०० ला मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आसपास. मग मिक्स्चरचा स्क्रू पाव-पाव आटा आत. इंजिन एका जागी पडायला लागतं, चुकायला लागतं. तिथून तसाच पाव-पाव बाहेर. आवाज भरतो, सरळ होतो, आणखी बाहेर काढला की जड आणि घोगरा होतो. त्या दोन टोकांच्या मधे एक जागा असते जिथं इंजिन सगळ्यात वेगात आणि सगळ्यात सरळ चालतं. ती धरायची. रेस वाढली असेल तर स्लो उतरवायचा आणि मिक्स्चर पुन्हा तपासायचं. दरवेळी फिरवल्यावर दहा-पंधरा सेकंद थांबायचं, कारण इंजिनाला उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतो. स्क्रू आत टेकेपर्यंत दाबून आवळायचा नाही, त्याच्या टोकाला खाच पडते. आणि हे सगळं उघड्यावर. बंद शेडमध्ये चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड माणूस मारतो.

‘स्क्रू टाइट करा, ॲव्हरेज वाढेल’ हा सल्ला मी गंगापुरात सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे, आणि तो सर्वांत जास्त नुकसान करणारा आहे. मिश्रण पातळ केलं की ओढ कमी होते, ड्रायव्हर पेडल जास्त दाबतो, आणि वाचलेलं पेट्रोल तिथंच खर्च होतं. पातळ मिश्रण सावकाश जळतं, इंजिन तापतं, कार्बोरेटरमधून फटाके वाजतात आणि शेवटी एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जळतात. तोपर्यंत सल्ला देणारा विसरून गेलेला असतो. प्लग काढून बघा. टोक भुरं असेल तर ठीक, काळं काजळीचं असेल तर मिश्रण जाड, पांढरं असेल तर पातळ. एवढी साधी तपासणी असताना अंदाजाने आवळायचं कारण काय?

इथेनॉलचा मुद्दा याला जोडूनच आहे. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि जुन्या गाड्या संपल्या, असं म्हणणाऱ्यांत काही तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. वीस टक्के मिश्रणाला साडेतेरा पुरते. इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या सांगण्यावरून हा फरक भरून काढते. कार्बोरेटरला ते कळत नाही, म्हणून जुन्या सेटिंगवर मिश्रण साधारण आठ टक्के पातळ पडतं. समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे आपल्याकडची विरळ हवा त्यातले दोन-अडीच टक्के परत देते, बाकीची उणीव राहते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलं आहे की मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवून दहा टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज या पेट्रोलवर सहा-सात टक्क्यांनी उतरेल. हा तोटा खरा आहे आणि तो मालक सोसतो.

पण सहा-सात टक्के म्हणजे मरण नव्हे. मिक्स्चर थोडं जाड करणं, प्लगचा रंग बघून गरज असेल तर जेट अर्ध्या-एका मापाने मोठा करणं, एवढ्यात ते आटोक्यात येतं. सोलेक्समध्ये ११० चा जेट म्हणजे १.१० मिलिमीटरचं भोक. ११५ चा घातला तर भोकाचं क्षेत्रफळ नऊ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे एका मापाचाही फरक केवढा पडतो ते बघा आणि घाई करू नका. त्याहून तातडीचं काम नळ्यांचं. जुनं रबर इथेनॉलने फुगतं आणि चिरतं. पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा डायफ्राम आणि फ्लोटची सुई ही इथेनॉल सोसणारी घालून घ्या. गरम इंजिनावर टपकणारं पेट्रोल ही आगीची भीती आहे, ॲव्हरेजची नाही. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाने इथेनॉलला सरसकट शिव्या घालाव्यात असं मला वाटत नाही, शेतकऱ्याच्या उसाला त्यातून आधार आहे. पण ज्याच्या उसाचं इथेनॉल झालं त्याच्याच जुन्या मारुतीची नळी फुटू नये, हे त्याला वेळेवर सांगायचं काम कुणीतरी करायला हवं होतं. निदान गॅरेजांनी तरी करावं.

कायद्याचा धाक दाखवणाऱ्यांना उत्तर थोडक्यात देता येतं. ‘पंधरा वर्षं झाली, सरकारने बंद केली’ हे महाराष्ट्रातल्या खाजगी गाडीबाबत खरं नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तपासणीत गाडी योग्य ठरली तर पुढे पाच-पाच वर्षांनी वाढते. २०२१ च्या मोडीत काढण्याच्या धोरणानेही खाजगी गाडीचा निकाल वयावर नाही, तपासणीवर ठेवला. एप्रिल २०२२ पासून कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि त्यानंतर वीस वर्षांपुढच्या गाड्यांना ते आणखी वाढलं. तो भार आहे, बंदी नाही. दिल्ली परिसराचे नियम वेगळे, ते इथं लागू नाहीत. मुंबईची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली ती टॅक्सीसाठीच्या वीस वर्षांच्या मर्यादेने. गाडी निकामी झाल्याचा तो दाखला नव्हता.

प्रदूषणाच्या मुद्द्याला मात्र पूर्ण मान देऊन उत्तर द्यायला हवं. जुनी कार्बोरेटरची गाडी नव्या गाडीपेक्षा जास्त विषारी धूर सोडते, यात वाद नाही. पीयूसीच्या नियमातच ते दिसतं: भारत स्टेज-२ च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के, हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम, स्टेज-४ च्या गाडीला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. कार्बन मोनॉक्साइडमध्ये तर दहापट फरक आहे. रोज गावातून शहरात शंभर किलोमीटर धावणाऱ्याने जुनी गाडी वापरू नये, असं मीही म्हणेन. पण आठवड्याला एक-दोनदा गावाबाहेर पडणाऱ्या गाडीबाबत खरा प्रश्न असा आहे की ती तिच्या मर्यादेत चालते की नाही. आणि तिथं फरक पाडतो तो स्क्रूच. त्याच इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड नीट सेटिंगवर मर्यादेच्या बराच खाली येतो आणि बिघडलेल्या सेटिंगवर दुपटीने वर जातो. पीयूसी केंद्रातलं यंत्र हे आपल्या गावातलं ट्यूनिंगचं सगळ्यात उत्तम साधन आहे, आणि आपण त्याचा उपयोग फक्त कागद मिळवण्यासाठी करतो. मिस्त्र्याला सोबत घेऊन जा, नळी सायलेन्सरात घालू द्या, आकडा बघत स्क्रू लावू द्या. कानाला जे पाव आट्याचा फरक म्हणून ऐकू येतं ते तिथं आकड्यात दिसतं.

एका बाबतीत मी भंगारवाल्याच्या बाजूने आहे. माउंटिंगचा ब्रॅकेट ज्या पत्र्याला जोडलेला असतो तो पत्राच गंजून कुजला असेल, चासीत हात जात असेल, तर नवं रबर आणि ८.८ चा बोल्ट काही वाचवू शकत नाही. अशी गाडी रस्त्यावर आणू नये. पण हे ठरवायला गाडी उचलून खालून बघावं लागतं. बघून दिलेला निकाल मी मान्य करीन. न बघता दिलेला नाही.

आणि ‘आता कार्बोरेटर कळणारं राहिलंय कोण?’ हा शेवटचा बचाव तर आपल्या तालुक्यात चालूच शकत नाही. वाळूज गंगापूर तालुक्यातलं. तिथं १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे, भोवती सुट्या भागांचे कारखाने आहेत. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज-६ येईपर्यंत देशातल्या बहुतेक दुचाकी कार्बोरेटरवरच विकल्या गेल्या आणि त्या अजून रस्त्यावर आहेत. फ्लोट, जेट, सुई, चोक यांची ओळख इथल्या प्रत्येक गॅरेजात आहे. बोल्टाचा दर्जा आणि टॉर्क कळणारी माणसं तर वाळूजच्या पाळीवरून रोज संध्याकाळी घरी येतात. विद्या आहे, ती वापरायला वेळ दिला जात नाही, कारण आपण मिस्त्र्याला भागाचे पैसे देतो, निदानाचे देत नाही. दोन तास गाडीखाली पडून ज्याने एक सैल बोल्ट शोधला त्याला पन्नास रुपये, आणि ज्याने न बघता नवा कार्बोरेटर घातला त्याला हजारो. मग तो पाच मिनिटांत स्क्रू फिरवून मोकळा होतो, यात त्याचा एकट्याचा दोष कसा मानायचा?

तेव्हा गंगापूरच्या आणि आसपासच्या गाडीमालकांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी गाडी थरथरली तर मिस्त्र्याला सांगा: आधी इंजिन उचलून माउंटिंग बघा, बोल्टाच्या डोक्यावरचा आकडा दाखवा, मग टॅपेट आणि पॉइंट, आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. सेटिंगच्या आधी आणि नंतर पीयूसीचा आकडा लिहून घ्या. आणि काहीही न बदलता नुसता दोष शोधून दिला, तरी त्याच्या वेळेचे पूर्ण पैसे घासाघीस न करता द्या.